१५ ते २५ हजारांचा मोबाइल घेताय? किंमत नाही, वर्षाचा खर्च बघा

जालना : सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी नव्या मोबाइलचा विषय निघतो. त्याच दिवसांत ऑनलाइन सेल लागतात आणि जालना, भोकरदन, अंबड, परतूर, मंठ्याच्या बाजारातल्या दुकानांवरही ऑफरचे बोर्ड झळकतात. दहा हजारांच्या आतला फोन लवकर दमतो आणि चाळीस हजारांचा परवडत नाही. म्हणून बहुतेक जण १५ ते २५ हजारांच्या मधल्या फोनवर येऊन थांबतात. पण या पट्ट्यात एकसारखे दिसणारे इतके फोन आहेत की पैसे वसूल कशात होतील, तेच कळत नाही.

गावाकडे फोन आता नुसता व्हिडिओ बघायला राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाइलवरून होते. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढल्याशिवाय सातबाऱ्यावर पीक चढत नाही. पीएम किसानची ई-केवायसी २०२३ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही करता येते. बँकेचा ओटीपी, यूपीआय, मुलांचा अभ्यास, बाजारभाव सगळं त्याच एका डब्यात आहे. त्यामुळे फोन चुकीचा निघाला तर नुसते पैसे जात नाहीत, ऐन वेळी कामही अडतं.

पहिला हिशोब : वर्षाला किती पडतो?

बैल घेताना किंवा मोटार बसवताना शेतकरी 'किती वर्षं चालेल' हे आधी विचारतो. फोनचंही तसंच आहे. फोनचं आयुष्य मोजायचं एक सोपं माप म्हणजे कंपनीने सांगितलेली सुरक्षा अपडेटची वर्षं. चोरांना आत शिरायला मदत करणाऱ्या त्रुटी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये सतत सापडत असतात. कंपनी अपडेट पाठवून त्या बुजवते. अपडेट बंद झाले तरी फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, पण त्यावर बँकेचे व्यवहार करणं दिवसेंदिवस धोक्याचं होतं. पुढे ॲपही साथ सोडतात. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनवर चालणं बंद केलं.

दोन खऱ्या फोनचा हिशोब मांडू. हे फोन घ्या असा सल्ला नाही, फक्त गणित समजण्यासाठी ते घेतले आहेत.

- मोटो जी६४ ५जी : एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला. ८ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, सुरुवातीची किंमत १४,९९९ रुपये. कंपनीचा शब्द : ३ वर्षं सुरक्षा अपडेट. म्हणजे वर्षाला साधारण ५,००० रुपये.
- सॅमसंग गॅलेक्सी एम३५ ५जी : जुलै २०२४ मध्ये आला. ६ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, सुरुवातीची किंमत १९,९९९ रुपये. कंपनीचा शब्द : ५ वर्षं सुरक्षा अपडेट. म्हणजे वर्षाला साधारण ४,००० रुपये.

दुसऱ्या फोनच्या खोक्यात चार्जर नव्हता. समजा चार्जरला हजार रुपये गेले आणि पाच वर्षांत एकदा बॅटरी बदलायला दीड हजार धरले, तरी एकूण खर्च २२,४९९ होतो. पाचने भागला की वर्षाला ४,५०० रुपये. दिसायला पाच हजारांनी महाग असलेला फोन वर्षाच्या हिशोबात स्वस्त पडला.

याचा अर्थ महाग घ्या असा नाही. १५ हजारांच्या वर हात जात नसेल आणि तीन वर्षांनी फोन बदलायची तयारी असेल, तर पहिला फोनही वाईट नाही. त्यात रॅम जास्त आहे, चार्जर सोबत आहे आणि बॅटरी दोन्हींत ६,००० एमएएचचीच आहे. मुद्दा एवढाच की दोन्ही बाजूंचा हिशोब करून मगच पैसे द्यावेत.

जुना स्टॉक स्वस्त दिसतो, पण…

अपडेटची वर्षं साधारणपणे फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नाही. सेलमध्ये 'किंमत पाच हजारांनी उतरली' असं दिसतं, तेव्हा फोन कधी आला होता ते आधी बघावं. एप्रिल २०२४ मध्ये आलेला, तीन वर्षं अपडेट असलेला फोन एप्रिल २०२६ मध्ये समजा १० हजारांना मिळाला. तर हातात राहिलं एकच वर्ष, आणि त्या वर्षाचा खर्च १० हजार.

युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून नवा नियम लागू झाला आहे. तिथे फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता राहावी लागते. आपल्याकडे मात्र कंपनी त्या-त्या मॉडेलसाठी जे सांगते त्यावरच चालावं लागतं. म्हणून कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचं नाव टाकून 'किती वर्षं सुरक्षा अपडेट' हे स्वतः वाचावं. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर राहू नये. 'अँड्रॉइडचे दोन अपडेट' आणि 'तीन वर्षं सुरक्षा अपडेट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात फोनला नवं रूप मिळतं, दुसऱ्यात संरक्षण. हिशोबाला दुसरी धरावी.

शेतात चालेल का?

दुकानात एसीत आणि ट्यूबलाइटखाली प्रत्येक फोन चांगलाच दिसतो. गावासाठी चार गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात.

उन्हात दिसणं : स्क्रीनचा उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. आकडा जितका मोठा, तितकं उन्हात स्पष्ट दिसतं. आकड्यापेक्षा सोपी परीक्षा म्हणजे फोन हातात घेऊन दुकानाच्या बाहेर उन्हात यावं आणि मेसेज वाचता येतो का बघावं. ई-पीक पाहणी भर उन्हातच करायची असते.

उष्णता : सॅमसंग, ॲपलसारख्या कंपन्या फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगतात. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे कोणताही फोन ट्रॅक्टरच्या बोनेटवर, गाडीच्या काचेपाशी किंवा पत्र्याखाली चार्जिंगला ठेवू नये. उन्हाच्या उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं.

धूळ आणि पाणी : खोक्यावर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी५४ म्हणजे थोडी धूळ आणि पाण्याचे शिंतोडे सहन होतील. आयपी६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल. पण पाण्याने फोन बिघडला तर तो वॉरंटीत बहुधा बसत नाही, हे लक्षात ठेवावं.

बॅटरी आणि लोकेशन : लाईटचा भरवसा नसलेल्या गावात ५,००० एमएएचच्या खाली जाऊ नये. ई-पीक पाहणीत फोटो शेताच्या गटातूनच काढला आहे का, हे ॲप जीपीएसने तपासतं. म्हणून दुकानाबाहेर नकाशा उघडून निळा ठिपका आपण उभे आहोत तिथेच येतो का, ते बघून घ्यावं.

५जी : फोनमध्ये आहे, पण गावात?

५जी सेवा देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. या किमतीत ५जी फोन सहज मिळतात, पण सगळे ५जी फोन सारखे नसतात. टॉवर कोणत्या लहरींवर चालतो ती लहर फोनने पकडली पाहिजे. या लहरींना बँड म्हणतात. जिओचं ५जी 'स्टँडअलोन' प्रकारचं आहे आणि त्यात ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ बँड आहे. ही लहर लांब जाते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते, म्हणून गावाकडे उपयोगाची. एन७८ बँड वेगवान आहे, पण टॉवरपासून लांब गेलं की कमी पडतो. बीएसएनएलचं ४जीही ७०० (बँड २८) आणि २१०० मेगाहर्ट्झ (बँड १) या लहरींवर चालतं. फोनच्या माहितीत हे बँड आहेत का बघावं.

गावात ५जी आलंच नसेल तर त्यासाठी दोन-तीन हजार जास्त मोजायची घाई नको. शेजाऱ्याच्या फोनवर कोणत्या सिमला किती रेंज येते, हे आधी विचारावं.

मोठे आकडे, छोटा अर्थ

- '१६ जीबी रॅम' : खाली बारीक अक्षरात '८+८' लिहिलेलं असतं. खरी रॅम ८ जीबी. बाकीची साठवणीतून उसनी घेतलेली आणि बरीच हळू. घरगुती वापराला खरी ६ जीबी चालते, ८ असेल तर चांगलं.
- '१०८ मेगापिक्सेल' : असे कॅमेरे नऊ ठिपके एकत्र करून रोजचा फोटो १२ मेगापिक्सेलचाच देतात. २ मेगापिक्सेलचे जादा कॅमेरे बहुधा शोभेचेच. त्यापेक्षा हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी 'ओआयएस' सोय जास्त कामाची.
- साठवण : १२८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनीच ती भरते. शक्यतो 'यूएफएस' प्रकारची साठवण बघावी. 'ईएमएमसी' जुन्या पद्धतीची आणि हळू असते, त्याने फोन दोन वर्षांत रखडायला लागतो.

फुटला तर?

फोन घेण्याआधी दोन दर विचारावेत : स्क्रीन बदलायला किती, बॅटरीला किती. काही कंपन्या सुट्या भागांचे दर वेबसाइटवर देतात. कडेला वळलेली काच दिसायला छान, पण पडली की लवकर फुटते आणि बदलायला महाग. सपाट काचच बरी.

अधिकृत सर्व्हिस सेंटर जालन्यात आहे की छत्रपती संभाजीनगरला जावं लागेल, हेही विचारावं. जालन्याहून संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर. मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या माणसाला एका फेरीत अख्खा दिवस आणि मजुरी जाते. दोन फेऱ्या झाल्या की ऑनलाइन वाचवलेले हजार रुपये तिथेच संपतात.

'झिरो टक्के' हप्त्याचं गणित

समजा फोन २०,००० चा आहे. रोख दिले तर २,५०० सूट, म्हणजे १७,५०० ला. हप्त्यावर घेतला तर सूट नाही, वर ५०० प्रोसेसिंग फी, म्हणजे २०,५००. व्याज 'झिरो' असलं तरी ३,००० जास्त गेलेच. क्रेडिट कार्डावर 'नो कॉस्ट' हप्ता असला तरी व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : "आज रोख दिले तर किती, आणि हप्त्याने सगळे मिळून किती?"

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने ग्राहकाला कर्जाच्या मुख्य अटींचा कागद द्यावा लागतो. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा व्याजदर त्यात लिहिलेला असतो. तो मागून, वाचून मगच सही करावी किंवा ओटीपी द्यावा.

बिल, आयएमईआय आणि तक्रार

मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो किमतीतच धरलेला असतो. 'बिल नको, पाचशे कमी करतो' या बोलण्याला भुलू नये. बिल नसेल तर वॉरंटी आणि चोरीची तक्रार दोन्ही अवघड होतात. बिलावर आयएमईआय क्रमांक हवाच. फोनवर *#०६# दाबलं की तो दिसतो. बिल, खोका आणि फोन तिन्हीवर सारखाच असला पाहिजे.

जुना फोन घेताना तर ही तपासणी चुकवूच नये. इंग्रजीत 'केवायएम' लिहून, एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय टाकावा आणि १४४२२ वर एसएमएस करावा. फोन खोटा किंवा काळ्या यादीतला असेल तर कळतं. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरून तो बंद करता येतो.

दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

दुकानात जाण्याआधी कागदावर लिहून न्या

१. फोन कधी बाजारात आला, सुरक्षा अपडेटची किती वर्षं उरली?
२. किंमत + चार्जर + एक बॅटरी, भागिले उरलेली वर्षं = वर्षाचा खर्च.
३. खरी रॅम ६-८ जीबी, साठवण १२८ जीबी यूएफएस, बॅटरी ५,००० च्या वर आहे का?
४. उन्हात दिसतो का, नकाशावर ठिकाण बरोबर येतं का?
५. आपल्या गावातल्या सिमचा बँड फोनमध्ये आहे का?
६. स्क्रीनचा दर किती, सर्व्हिस सेंटर कुठे?
७. रोख किती, हप्त्याने एकूण किती?
८. आयएमईआयसह पक्कं बिल.

फक्त फोन, व्हॉट्सॲप आणि पैसे पाठवणं एवढंच काम असेल, तर अपडेट मिळणारा १०-१२ हजारांचा फोनही पुरतो. घरात एकाच फोनवर शेतीची कामं, बँक आणि मुलांचा अभ्यास चालत असेल, तर जास्त वर्षं अपडेट मिळणाऱ्या फोनला तीन-चार हजार जास्त गेले तरी ते वसूल होतात. दोन फोनमध्ये निवड अडली, तर ज्याचा वर्षाचा खर्च कमी आणि दुरुस्ती जवळ, तोच घ्यावा.