क्लाउडआधारित आपत्ती-पुनर्प्राप्ती

संस्थेचा डेटा व संगणकप्रणाली यांची प्रत इंटरनेटमार्गे दूरच्या डेटा सेंटरमध्ये राखून आग, पूर, यंत्रबिघाड किंवा सायबर हल्ल्यानंतर काम पुन्हा सुरू करण्याची पद्धती.

भाड्याच्या पर्यायी संगणक केंद्रांचा व्यवसाय अमेरिकेत 1970च्या दशकाअखेर उभा राहिला. 2006 नंतर क्लाउड सेवा आल्या (पहा : क्लाउड संगणन) आणि राखीव यंत्रे विकत घेऊन ठेवण्याची गरज कमी झाली. महाराष्ट्रात 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य कागदी फायली जळाल्या. एकाच जागी नोंदी ठेवण्यातील धोका त्यातून उघड झाला. केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा क्लाउड 2014 मध्ये कार्यान्वित झाला, तर 2018 मध्ये राज्याने सार्वजनिक क्लाउड धोरण स्वीकारले.

आराखडा दोन मर्यादांवर ठरतो : काम किती वेळ बंद राहिलेले चालेल आणि शेवटच्या किती वेळेचा डेटा गमावणे परवडेल. मर्यादा जितकी कडक, तितका खर्च अधिक. मुख्य व पर्यायी केंद्रे वेगवेगळ्या भूकंप-क्षेत्रांत असणे इष्ट. खंडणी-व्हायरसपासून बचावासाठी एक प्रत बदलता न येणारी ठेवतात (पहा : सायबर सुरक्षा). पुनर्प्राप्तीची नियमित चाचणी अत्यावश्यक. चाचणी न झालेल्या प्रतीवर भिस्त ठेवता येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात 1986 मध्ये स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बनसारख्या बहुशाखीय पतसंस्था (पहा : सहकारी पतसंस्था) आणि ऑनलाइन सातबारा (पहा : भूमी अभिलेख) यांच्या संदर्भात हा विषय महत्त्वाचा आहे. प्रत सुरक्षित असली तरी गावातील वीज किंवा इंटरनेट खंडित झाल्यास तेथील व्यवहार थांबतात. म्हणून शाखेत दुसरी जोडणी व पर्यायी वीजपुरवठा लागतो.