आंगऱ्यांच्या घरांतील स्त्रिया : गाण्यांत, पडद्यावर आणि दप्तरांत

शंकर तुकाराम शाळिग्राम आणि अ‍ॅक्वर्थ या उभयतांनीं १८९१ सालीं मराठी पोवाड्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याच्या नांवांतच ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे’ अशी शब्दयोजना आहे. संग्रह चाळूं लागलें म्हणजे त्यांतील स्त्रियांचा भाग किती थोडक्यांत आटोपला आहे हें ध्यानीं येतें. अहल्याबाई होळकरांची पुण्यशीलता शाहिरांनीं गाइली. थोरल्या माधवरावांच्या मागें रमाबाईनें १७७२ सालीं थेऊर मुक्कामीं केलेलें सहगमन गाइलें. सिंहगडाच्या पोवाड्यांत जिजाबाई महाराजांशीं सारीपाट खेळते आणि पणांत तो गड मागून घेते. दान करणारी, सती जाणारी आणि पुत्राकडून पराक्रम करविणारी, असे हे तीन सांचे होत. स्वतः गड राखणारी, शिबंदीला रोजमुरा वांटणारी, शत्रूशीं तहाचें बोलणें लावणारी स्त्री या सांच्यांत बसत नाहीं, म्हणून डफावर ती फारशी आली नाहीं. कागदांत ती आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यापुरतें बोलावयाचें तर ती आंगऱ्यांच्या घरांत एकाच पिढींत दोनदां भेटते. या दोघींची हकीकत पुढें मांडावयाची आहे. परंतु त्यांची जागा लोकांच्या स्मरणांत दुसऱ्या कोणी व्यापली, हें आधीं पाहिलें पाहिजे.

ज्या जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत आणि आतां रायगड म्हणतात, त्या जिल्ह्यांत आबालवृद्धांस ठाऊक असलेली ऐतिहासिक स्त्री विचाराल तर उत्तर एकच येईल : हिरकणी. कोजागिरीच्या दिवशीं दूध घालावयास रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्तास बंद झालेले दरवाजे, घरीं पाळण्यांतलें तान्हें मूल, आणि अंधारांत उतरलेला तो कडा. कथा सुंदर आहे. तिनें अनेक मातांचे डोळे ओले केले आहेत. शिवकालीन पत्रांत वा समकालीन बखरींत तिला आधार नाहीं. तिचा पुरावा म्हणून दाखवावयाचा तो बुरूजच, आणि बुरुजाच्या नांवाचा खुलासा म्हणून सांगावयाची ती कथाच. असें असूनहि पाठ्यपुस्तकांतून, मेळ्यांतून, आणि २०१९ सालच्या चित्रपटांतून ती घरोघर पोहोंचली, एस. टी.च्या गाड्यांस तिचें नांव मिळालें, आणि स्थानकांवर मातांनीं मुलांस पाजण्याची जी खोली राखलेली असते तिलाहि ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. या शेवटच्या गोष्टीबद्दल कुरकुर करण्याचें कारण नाहीं; नांव योग्य ठिकाणीं लागलें. परंतु किल्ल्याशीं स्त्रीचा संबंध यावा तो तिथून उतरून घरीं जाण्यापुरता, ही लोकरंजनाची आवड त्यांत उघड दिसते.

कादंबरी व बोलपट यांची तऱ्हा निराळी नाहीं. उमरठ्याच्या तानाजीवर हरि नारायण आपट्यांनीं १९०३ सालीं कादंबरी लिहिली, तींत उदयभानानें पळवून आणलेली कमलकुमारी आली, आणि सिंहगडाच्या लढाईस एका अबलेची सुटका हें एक निमित्त मिळालें. प्रभातनें १९३३ सालीं याच कथेचा बोलपट केला. पुढें १९३६ सालीं शांतारामांनीं ‘अमरज्योति’ हा हिंदी बोलपट काढला. त्यांत दुर्गाबाई खोटे यांनीं सौदामिनी नांवाच्या समुद्रावरील बंडखोर स्त्रीची भूमिका केली : मुलाचा ताबा नाकारला गेल्यानें ती जहाजें लुटूं लागते आणि आपणांवर अन्याय करणाऱ्या मंत्र्यास कैद करते. स्त्रियांचीं कामें पुरुषांनींच करावीं हा रंगभूमीचा दंडक ज्या प्रेक्षकांस कालपरवांपर्यंत परिचित होता, त्यांच्यापुढें लढाऊ गलबतावर हुकूम सोडणारी स्त्री उभी करणें ही लहान गोष्ट नव्हती. परंतु ती राणी, तें राज्य, तो समुद्र सारेंच काल्पनिक. खांदेरीच्या पाण्यांत खरा प्रसंग घडून तेव्हां जवळजवळ दीडशें वर्षें होत आलीं होतीं, हें मनांत आलें म्हणजे चुटपुट लागते.

आंगऱ्यांच्या आरमाराचा उदयकालच एका स्त्रीच्या अमलांत गेला आहे. राजाराममहाराजांच्या पश्चात् १७०० पासून युद्धाचीं सूत्रें ताराबाईंच्या हातीं होतीं, आणि कान्होजी त्यांच्या पक्षाचा होता. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें तो शाहूमहाराजांकडे आला तो १७१३ सालीं. कान्होजी १७२९ त वारला. नंतरच्या भाऊबंदकीची कथा सर्वश्रुत आहे. ती येथें गाळतों आणि १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गावर येतों. गांव कुलाब्याच्या बाहेरचें असलें तरी घर तेंच आहे, आणि या घरच्या स्त्रियांचें परकी लेखणीनें काढलेलें चित्र तेथेंच सांपडतें.

तुळाजी आंगरे किल्ला मेहुण्याच्या ताब्यांत देऊन पेशव्यांच्या छावणींत गेला होता. त्याची आई, बायका व मुलें तोफांच्या माऱ्यांत किल्ल्यांतच राहिलीं. किल्ला इंग्रजांच्या हातीं पडल्यावर अ‍ॅडमिरल वॉटसन त्यांच्या भेटीस गेला. वॉटसनचा शस्त्रवैद्य एडवर्ड आइव्ह्ज यानें १७७३ सालीं छापलेल्या प्रवासवर्णनांत ती भेट रंगविली आहे : सर्वजणी जमिनीवर लोळण घेऊन रडतात, वृद्ध आई म्हणते कीं रयतेस राजा उरला नाहीं, मला पुत्र नाहीं, सुनांस पति नाहीं, नातवंडांस बाप नाहीं, अ‍ॅडमिरल म्हणतो, मला बाप समजा, त्यावर सहा वर्षांचें पोर त्याचा हात धरतें आणि अ‍ॅडमिरलचे डोळे भरून येतात. प्रसंग घडला नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु इंग्रज वाचकांच्या करमणुकीसाठीं लिहिलेल्या या पुस्तकांत त्या बायकांचें काम एकच आहे, विजयी सेनापतीचें औदार्य उजळ करणें. आरमार जळत असतां त्या आंत काय करीत होत्या, कोणास धीर देत होत्या, शरण जावें कीं न जावें या वादांत त्यांचें मत काय पडलें, हे प्रश्न आइव्ह्जला सुचलेहि नाहींत. तुळाजी पुढें आमरण कैदेंत राहिला.

आतां कुलाबा. १७९३ सालीं राघोजी आंगरे वारला. मुलगा मानाजी अल्पवयी. कारभार घराण्यांतील जयसिंग आंगऱ्याकडे. राघोजीची विधवा आनंदीबाई आणि जयसिंग यांचें बिनसलें, आणि गोष्ट रुसव्याफुगव्यावर न राहतां हातघाईवर आली. बाईनें फौज उभी केली. हिराकोट व सागरगड ज्याच्या हातीं त्याचा अलीबागेवर हात, हें उमगून उभय पक्ष या ठाण्यांसाठीं झगडले. हें युद्ध क्षुद्र होतें असें म्हणतां येईल, पण मग त्या काळच्या पुरुषांचीं बहुतेक युद्धें त्याच मापानें मोजावीं लागतील.

या भांडणाचा लाभ तिसऱ्यानेंच उठविला. दौलतराव शिंद्यांच्या पदरचा आणि नात्यांतला बाबूराव आंगरे मध्यस्थीच्या मिषानें कुलाब्यास उतरला आणि संस्थान त्यानें आपणच गिळलें. जयसिंग कैदेंत पडला. तेव्हां त्याची स्त्री सकवारबाई हिनें खांदेरी सोडली नाहीं.

खांदेरी राखणें म्हणजे काय, हें ज्यानें तें बेट पाहिलें आहे त्यास सांगावयास नको. थळच्या समोर समुद्रांत तो खडक आहे. महाराजांनीं १६७९ त तो बांधावयास घेतला तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं गलबतें घालून अडविण्याचा यत्न केला आणि मायनाक भंडारी व दौलतखान यांनीं तो हाणून पाडला. लागोलाग सिद्दीनें शेजारची उंदेरी तटबंद केली. अशा बेटावर धान्य, सरपण, दारूगोळा सर्व होडीनें यावयाचें. किनारा शत्रूच्या हातीं गेला म्हणजे प्रत्येक होडी चोरवाटेनें आणावी लागते, आणि शिबंदीचा रोजमुरा थकला तर दरवाजा आंतूनच उघडतो. सकवारबाईचा दरवाजा आंतून उघडला नाहीं. लढून ती जागा मिळेना तेव्हां बाबूरावानें शब्द पाठविला कीं खांदेरी हवालीं करा, तुमच्या यजमानांस सोडतों. बाईनें किल्ला दिला. बाबूरावानें शब्द मोडला, जयसिंगास ठार केलें आणि बाईसहि कैदेंत घातलें. पुढें १८१३ त मरेपर्यंत कुलाबा त्याच्याच ताब्यांत राहिला.

शाहिरास लागतें तें सर्व या प्रकरणांत आहे : समुद्र, वेढा, पतीचे प्राण, विश्वासघात. तरीहि शाळिग्रामांच्या संग्रहांत तिला जागा नाहीं. आमच्या मतें याचें कारण असें. तिनें किल्ला राखला हें तिला देवीच्या सांच्यांत नेतें, आणि तिनें तो सोडला हें तिला तेथून बाहेर काढतें. पतीसाठीं ठाणें देणारी बाई पतिव्रता खरी, पण वीरश्रीच्या कवनास तिचा उपयोग नाहीं. आणि सती न जातां कैदेंत पडली, म्हणून करुणाकवनासहि ती अपुरी. इतिहासानें मात्र तिचा निर्णय सेनापतीचा निर्णय म्हणूनच तपासला पाहिजे. हातीं एकच मोहरा असतांना ती तो देऊन मोकळी झाली. शपथ वा जामीन पुरता बांधून घेतला असता तर परिणाम वेगळा झाला असता काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि तो विचारणें हाच तिचा मान आहे.

आतां संग्राहकांच्या उपयोगाचें थोडेंसें. या दोन्ही नांवांचा मोठा घोटाळा आहे. आनंदीबाई म्हटलें कीं रघुनाथरावांची स्त्री डोळ्यांपुढें येते. ‘ध’चा ‘मा’ केल्याची दंतकथा आणि खाडिलकरांचें १९०९ चें ‘भाऊबंदकी’ नाटक यांनीं ती कायमची खलनायिका करून ठेवली आहे. ती १७९४ त वारली, म्हणजे कुलाब्याची आनंदीबाई लढत होती त्याच सुमारास. सुहूर सन अर्बा तिसैन मया व अलफ, म्हणजे जून १७९३ पासूनच्या वर्षांतला, केवळ ‘आनंदीबाई’ एवढेंच नांव असलेला कागद हातीं आला तर यादींत तो पेशव्यांच्या सदरीं टाकण्यापूर्वीं आंतील गांवें पाहावीं. थळ, चौल, नागांव, अलीबाग हीं नांवें असलीं तर सदर बदललें पाहिजे. सकवारबाईहि तीन आहेत : शिवछत्रपतींच्या एक राणीसाहेब, १७४९ त सहगमन केलेल्या शाहूमहाराजांच्या राणीसाहेब, आणि ही.

दुसरें, मायना. सौभाग्यवतीस ‘वज्रचुडेमंडित’ आणि विधवेस ‘गंगाभागीरथीसमान’ लिहिण्याचा प्रघात होता. बिनतारखेच्या पत्रांत सकवारबाईस पहिला मायना असेल तर तें पत्र जयसिंगाच्या वधापूर्वींचें, दुसरा असेल तर नंतरचें. आणि आनंदीबाईचें पत्र पहिल्या मायन्याचें असेल तर तें राघोजीच्या हयातींतलें, अर्थात् युद्धापूर्वींचें धरावें. पुष्कळदां नांव मुळींच नसतें. ‘मातुश्री’, ‘वहिनी’, ‘बाईसाहेब’ एवढेंच असतें, आणि असे कागद खासगीच्या रुमालांत लग्नामुंजीच्या यादींबरोबर बांधलेले आढळतात. गलबतांचीं नांवें, बारूद, किंवा शिबंदीचा हिशेब त्यांत आला कीं रुमाल पुन्हां सोडून पाहावा. घराण्याच्या अखेरच्या कागदांसहि हेंच लागू आहे. दुसरा राघोजी १८३८ च्या डिसेंबरांत वारला, त्याच्या मागून जन्मलेला कान्होजी कांहीं महिन्यांतच गेला, दत्तकाची मागणी कंपनी सरकारनें नाकारली आणि १८४० सालीं संस्थान खालसा झालें. त्या मागणीचे कागद तपासतांना हे दोन्ही मायने आणि ‘बाईसाहेब’ हें पद हाताशीं ठेवावें.