पॅन, टिल्ट, झूम : फिरत्या कॅमेऱ्याची आज्ञाव्यवस्था व तिचा इतिहास

टेहळणीच्या कॅमेऱ्यांचा इतिहास बहुधा चित्राच्या अंगाने लिहिला जातो. चित्र दूरवर केव्हा पोहोचू लागले, ते साठविता केव्हा येऊ लागले, अशा प्रश्नांवरच त्यात भर असतो. परंतु या कॅमेऱ्यांचा एक वर्ग असा आहे की, ज्याचा इतिहास केवळ चित्राच्या आधारे सांगता येत नाही. दूरच्या कक्षात बसलेल्या माणसाच्या आज्ञेने आडवा फिरणारा, वर-खाली झुकणारा आणि भिंगाच्या साहाय्याने दूरचे जवळ आणणारा तो हा कॅमेरा. पॅन, टिल्ट व झूम या तीन क्रियांवरून व्यवहारात त्यास पीटीझेड कॅमेरा म्हणतात. त्याच्याकडून चित्र येते, त्याचप्रमाणे त्याच्याकडे आज्ञा जाते. या आज्ञेच्या तारांचा व भाषेचा इतिहास पाहून, अशा कॅमेऱ्याचे चित्रण पुरावा म्हणून हाताळणाऱ्याने काय ध्यानात ठेवावे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘पॅन’ हे ‘पॅनोरामा’ या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली, प्रेक्षकाला मध्यभागी उभे करून त्याच्या चोहोबाजूंनी अखंड दृश्य दाखविणाऱ्या चित्राच्या योजनेचे पेटंट घेतले. पुढे काही वर्षांनी अशा चित्रास ‘पॅनोरामा’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि ‘होरामा’ म्हणजे दृश्य. त्याच १७८७ साली जेरेमी बेंथमने, मध्यभागी बसलेल्या पहारेकऱ्यास सर्व कोठड्या दिसू शकतील अशा तुरुंगाची कल्पना पत्ररूपाने मांडली व तिला ‘पॅनॉप्टिकॉन’ म्हटले. दोन्ही नावांत ‘सर्व’ हा अर्थ आहे.

चित्रपटसृष्टीत कॅमेरा आडवा फिरवून विस्तृत दृश्य टिपण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा ‘पॅनोरामा’चे ‘पॅन’ हे क्रियापद झाले. आणि या संक्षेपात अर्थही उलटला. बार्करच्या चित्रात सर्व दृश्य एकाच वेळी उपस्थित असे. त्यापुढे फिरत असे तो प्रेक्षक. कॅमेऱ्यास सर्व दृश्य एका वेळी दिसत नाही, म्हणूनच त्याला फिरावे लागते. ‘सर्व’ या अर्थाचा शब्द अशा रीतीने सर्व न दिसण्यावरील उपायाचे नाव झाला. ‘झूम’ हा ध्वन्यनुकारी शब्द पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या वेगवान चढणीस लावीत असत. तेथून तो भिंगाकडे आला. फ्रँक बॅक याचे ‘झूमर’ हे भिंग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दूरचित्रवाणीत प्रसिद्धीस आले. ‘टिल्ट’ हा जुना इंग्रजी शब्द असून त्याच्या अर्थात असे मोठे स्थित्यंतर झालेले नाही.

२

बंदिस्त दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या उपयोगांपैकी एक जर्मनीतील पेनेम्युंडे येथील होय. वाल्टर ब्रुख या अभियंत्याने तेथे १९४२ च्या सुमारास अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे, म्हणून कॅमेरे बसविले. तेथे पाहावयाची वस्तू व तिची जागा आधीच ठरलेली होती. माणसांच्या गर्दीचे तसे नसते. कोठे पाहावे हा प्रश्न तेथे दर क्षणी नव्याने उपस्थित होतो. जुलै १९६० मध्ये थायलंडच्या राजदांपत्याच्या भेटीच्या वेळी लंडनच्या पोलिसांनी ट्रॅफल्गार चौकात गर्दीवर लक्ष ठेवण्यासाठी दोन तात्पुरते कॅमेरे उभारले. ते आज्ञेनुसार फिरणारे, झुकणारे व दृश्य जवळ आणणारे होते. सार्वजनिक स्थळाच्या टेहळणीत या वर्गाचा आरंभ येथून मानावयास हरकत नाही.

याच्या जोडीने घरगुती टेहळणीचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने आपले पती अल्बर्ट ब्राऊन यांच्यासह १९६६ साली गृहसुरक्षा-योजनेच्या पेटंटसाठी अर्ज केला; ते डिसेंबर १९६९ मध्ये मिळाले. दारास निरनिराळ्या उंचीवर झरोके आणि त्यांमागे यंत्राने वर-खाली सरकणारा कॅमेरा, अशी ती रचना होती. खोलीत बसलेल्या व्यक्तीने बाहेरच्याचा चेहरा पाहावा, त्याच्याशी बोलावे, वाटल्यास दूरूनच दार उघडावे किंवा धोक्याची सूचना द्यावी. ट्रॅफल्गार चौकात गर्दीला कॅमेरा दिसला तरी आज्ञा देणारा दिसत नव्हता. ब्राऊन यांच्या योजनेत ज्या घराचे रक्षण करावयाचे, त्याच घरातील व्यक्तीच्या हाती आज्ञा होती. यंत्र एकाच जातीचे, परंतु आज्ञा कोणाच्या हाती, यावरून त्याचे सामाजिक स्वरूप बदलते.

३

आता तारांकडे वळू. जुन्या पद्धतीत प्रत्येक क्रियेस स्वतंत्र तार लागे. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली व एक सामाईक अशा पाच तारा केवळ फिरण्या-झुकण्याच्या मोटारींसाठी. त्यांवर भिंगाच्या तारा वेगळ्या आणि चित्रासाठी कोअ‍ॅक्सियल केबल आणखी वेगळी. अंतर वाढले की तारेत विजेचा दाब घटे व मोटार मंदावे. दहा कॅमेरे म्हणजे तारांचे दहा जुडगे. या व्यवस्थेत शब्द नव्हतेच. प्रत्येक तार हाच एक शब्द होता.

१९८३ साली मान्य झालेल्या आरएस-४८५ या विद्युत्-मानकाने ही स्थिती पालटण्यास मोठे साहाय्य केले. पीळ दिलेल्या तारांच्या एकाच जोडीवर सुमारे १,२०० मीटरपर्यंत अनेक यंत्रांना संदेश देता येऊ लागला. मात्र तार एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्याकडे अशी माळेसारखी न्यावी लागते व तिच्या टोकांशी सुमारे १२० ओहमचा रोध लावावा लागतो. एका ठिकाणाहून चोहीकडे फाटे फोडल्यास संदेश परावर्तित होऊन आज्ञा चुकतात.

सर्वांना एकच तार, तेव्हा संदेश कोणासाठी आहे हे सांगणे भाग पडले, आणि येथेच आज्ञेस व्याकरण आले. पेल्को-डी या बहुप्रचलित संकेतात एक साधी आज्ञा सात बाइटांची असते. पहिला बाइट आरंभसूचक. दुसरा कॅमेऱ्याचा क्रमांक. तिसरा व चौथा क्रियेचे. पाचवा व सहावा आडव्या व उभ्या गतीचे. सातवा मधल्या पाचांची बेरीज पडताळणारा. वैयाकरणाच्या परिभाषेत संबोधन, आज्ञार्थी क्रियापद व क्रियाविशेषण असा हा क्रम आहे. साध्या आज्ञार्थी वाक्यात कर्ता जसा अनुक्त राहतो, तसा येथे आज्ञा देणारा अनुक्त राहतो. सात बाइटांत कॅमेऱ्याच्या नावास जागा आहे. फिरविणाऱ्याच्या नावास नाही.

पुढचा टप्पा संगणकीय जाळ्याचा. १९९६ साली अ‍ॅक्सिस या स्वीडिश कंपनीने जाळ्यास थेट जोडावयाचा कॅमेरा बाजारात आणला. २००३ च्या मानकाने त्याच केबलवरून वीजही देता येऊ लागली. परंतु त्यात उगमाशी १५.४ वॅटच मिळत असल्याने मोठ्या फिरत्या कॅमेऱ्यास ती अपुरी पडे. २००९ च्या मानकाने ही मर्यादा ३० वॅटपर्यंत नेली. २००८ साली अ‍ॅक्सिस, बॉश व सोनी यांनी ऑनव्हिफ ही संस्था स्थापून निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांसाठी समान भाषेचा पाया घातला. चित्र, वीज व आज्ञा एकाच केबलमधून जाऊ लागली. या पद्धतीचा एक गुण विशेष महत्त्वाचा आहे : कोणत्या वापरकर्त्याने केव्हा कोणती आज्ञा दिली, याची नोंद ठेवणे तीत शक्य झाले. अनुक्त कर्ता आता उक्त होऊ शकतो. मात्र तशी योजना मुद्दाम करावी लागते.

४

फिरता कॅमेरा निवडणे म्हणजे काय, हे साध्या गणिताने स्पष्ट होईल. भिंगाचा आडवा कोन ६० अंश असता कॅमेऱ्यास क्षितिजाचा सहावा भाग दिसतो. दृश्य जवळ आणून कोन २ अंश केला की एकशे ऐंशीवा. चेहरा ओळखता येतो तो याच किमतीवर. आठ ठरावीक दिशांकडे प्रत्येकी १० सेकंद पाहण्याचा क्रम लावला, तर प्रत्येक दिशा ७० सेकंद अदृष्ट राहते. एखादी पिशवी ठेवून निघून जाण्यास तेवढा अवधी पुरतो. स्थिर कॅमेऱ्यास थोडेच दिसते, पण ते अखंड दिसते. फिरत्यास कोठेही पाहता येते, पण एका वेळी एकाच ठिकाणी. म्हणून नोंदीसाठी स्थिर आणि पाठलागासाठी फिरता, अशी दोहोंची जोड हीच योग्य योजना ठरते.

आज्ञा देणारा कोणत्या निकषाने पाहतो, याचा अभ्यास क्लाइव्ह नॉरिस व गॅरी आर्मस्ट्राँग यांनी ब्रिटनमध्ये केला व तो १९९९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तीन नियंत्रण-कक्षांत ५९२ तास बसून त्यांनी पाहणाऱ्यांनाच पाहिले. कॅमेरा रोखला जाई तो बहुतांशी तरुण पुरुषांवर, आणि कृष्णवर्णीयांवर त्यांच्या संख्येच्या मानाने अधिक. आणि पुष्कळदा वर्तनावरून नव्हे, तर ते कोणत्या वर्गातले दिसतात यावरून. अशा चित्रणांची पुढे कोणी गणना केली, तर त्यात समाजाचे नव्हे, पाहणाऱ्याच्या संशयाचे प्रतिबिंब हाती येईल.

५

महाराष्ट्रात २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नगरव्यापी कॅमेऱ्यांच्या योजनेस गती मिळाली व २०१६ साली मुंबईची मोठी योजना कार्यान्वित झाली. तीत स्थिर व फिरते असे दोन्ही प्रकार आहेत. अशा चित्रणांचा न्यायालयीन पुरावा म्हणून उपयोग वाढत आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. नोंद कोणत्या यंत्राची, ते यंत्र नीट चालत होते की नाही, हे त्यावरून कळते. परंतु त्या क्षणी कॅमेरा कोणाच्या आज्ञेने तेथे वळला आणि त्यायोगे कोठून दूर झाला, हे त्यावरून कळत नाही.

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे पोलीस-कोठडीचा विचार करता ध्यानात येते. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, पोलीस ठाण्याचा कोणताही भाग कॅमेऱ्याबाहेर राहू नये. हा आदेश केवळ फिरत्या कॅमेऱ्यांनी पाळला जाणे संभवत नाही. कारण ज्यांच्यावर लक्ष ठेवावयाचे, त्यांच्याच हाती तो वळविण्याची कळ राहील.

सारांश, फिरत्या कॅमेऱ्याचे चित्रण हे आज्ञा व उत्तर अशा संभाषणातील केवळ उत्तर होय. इतिहासाचा अभ्यासक दप्तरातील उत्तरादाखल पत्र वाचताना मूळ पत्राचा शोध घेतो. तीच शिस्त येथे हवी. जेथे आज्ञांची नोंद जपलेली आहे, तेथे ती चित्रणाबरोबर मागावी. जेथे ती नाही, तेथे चित्रात जे दिसते ते घडले एवढेच म्हणावे. जे दिसत नाही ते घडले नाही, असे मात्र कदापि म्हणू नये.