१२ सप्टेंबर : धारवाडचे दोन स्वर

हुबळी-धारवाडच्या संगीतात १२ सप्टेंबर या तारखेला दोन थोर गवयांनी निरोप घेतला. १९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले, १९९२ मध्ये मल्लिकार्जुन मन्सूर.

रामचंद्र कुंदगोळकर हे सवाई गंधर्वांचे मूळ नाव. जन्म १८८६ चा, हुबळीजवळच्या अमरगोळचा. अब्दुल करीम खाँकडून त्यांनी किराणा गायकी घेतली, मराठी रंगभूमी गाजवली आणि पुढे कुंदगोळला शिष्य घडवले. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने तिथे शिकायला जात. भीमसेन जोशी तर गुरुगृहीच राहिले. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात १९५३ पासून महोत्सव भरवला, तो आजही मराठी रसिकांचा हक्काचा उत्सव आहे.

मन्सूरांची वाट वेगळी. मिरजेला नीलकंठबुवा आलूरमठांकडे ग्वाल्हेरची तालीम, मग अल्लादिया खाँचे पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडून जयपूर-अत्रौलीची. अनवट राग ते इतक्या सहजतेने मांडत, की ऐकणाऱ्याला त्यांची कठीणता जाणवतच नसे!

एकाच परिसरात किराणा आणि जयपूर, दोन्ही घराणी इतक्या ताकदीने नांदली. कन्नड घर, हिंदुस्थानी गाणे आणि मराठी श्रोते हे नाते इथेच घट्ट झाले. मन्सूरांचे धारवाडमधील ‘मृत्युंजय’ हे घर आज स्मारक म्हणून जपले आहे.