श्रमाची शिदोरी

मिरजेच्या फलाटावर सकाळी उतरणारी, हाती डबा घेतलेली खेड्यांतील कॉलेजची मुले आम्ही नेहमी पाहतो. त्यांतली काही वर्ष सरण्याआधीच दिसेनाशी होतात. बुद्धी नव्हे, तर भाडे, भाकरी आणि आधार कमी पडतो.

या व्यथेवरचा उपाय आपल्याच कृष्णाखोऱ्यात सापडला होता. १९१९ साली कराडजवळील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांचे वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र उच्च शिक्षणात आले. राबून शिकणाऱ्यास कोणाच्या उपकाराचे ओझे राहिले नाही.

या इतिहासातून आम्ही एवढेच शिकतो : शुल्कमाफीने मूल दाखल होते, ते टिकते मात्र निवारा, अन्न, सन्मानाचे काम व आपुलकीची विचारपूस यांनी. आपल्या धर्मग्रामातील एखादी रिकामी खोली, एखादे जास्तीचे ताट कोणाची पदवी पूर्ण करील, याचा प्रत्येक कुटुंबाने विचार करावा.