शेकलेल्या तळहाताची कुळकथा

रात्री लेकराचा कान ठणकायला लागला की कर्जत तालुक्यातल्या जुन्या घरात आजी आधी चुलीकडे वळायची. राखेखालचे बाभळीचे निखारे उकरायचे, वर तळहात धरायचा, स्वतःच्या गालाला लावून पाहायचा आणि मग लेकराच्या कानावर ठेवायचा. निवला की पुन्हा तेच. कोमट तेलाची पळी, लसणाची पाकळी, ओव्याची पुरचुंडी या सगळ्यांचा नंबर त्यानंतर.

हा हात चुलीपाशी आला तो बाळंतिणीच्या खोलीतून. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी. बाळाला न्हाऊ घातल्यावर सुईण त्याच शेगडीवर तळवे तापवून त्याचं पोट, पाठ, कानामागची जागा शेकायची. भीमा आणि सीना यांच्या मधल्या या पर्जन्यछायेच्या मुलखात हिवाळा कोरडा आणि रात्री बोचऱ्या. ज्वारी हुरड्यात येते, त्याच दिवसांत पोरांची नाकं वाहतात आणि सर्दीपाठोपाठ कान दुखतात. खोलीतली शेगडी गेली तरी तळहाताची सवय घरात राहिली.

ग्रंथात ती फार जुनी आहे. बालरोगांवरच्या काश्यपसंहितेत मुलांना द्यायचे शेक आठ प्रकारचे सांगितले आहेत आणि त्यांत पहिला हस्तस्वेद, म्हणजे तापवलेल्या हाताचा शेक. जन्मापासून चार महिन्यांपर्यंतच्या तान्ह्याला तोच योग्य मानला आहे. ही संहिता आपल्याला पुरती मिळालेलीही नाही. नेपाळात सापडलेल्या खंडित पोथीवरून पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह ती १९३८ साली छापली गेली. चरकाच्या सूत्रस्थानात अग्नीच्या मदतीने द्यायचे तेरा स्वेद आहेत. त्यांतला संकरस्वेद हा आपल्या मीठ-ओव्याच्या पुरचुंडीचा पूर्वज. पण तान्ह्यासाठी हात पहिला ठेवण्याची सूक्ष्मता काश्यपाची, आणि ती कुणा सुईणीकडूनच त्याच्या शास्त्रात आली असावी, असं मला मनापासून वाटतं. तापवलेल्या विटेला किंवा पुरचुंडीला आपण किती गरम आहोत हे कळत नाही, हाताला कळतं. जे लेकराला भाजेल ते आधी आईला भाजतं.

याच संहितेतला वेदनाध्याय मला त्याहून मोलाचा वाटतो. बोलता न येणाऱ्या मुलाचं काय दुखतंय हे ओळखायचं कसं, एवढ्याच प्रश्नावर तो उभा आहे. हातांनी कान चाचपणं, डोकं सारखं हलवणं, दूध नको होणं, झोप उडणं या खुणांवरून कानाचं दुखणं ताडावं, असं तिथे म्हटलं आहे. आजचे बालरोगतज्ज्ञही आईला याच गोष्टी विचारतात.

शेकाने बरं का वाटतं? घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नळी सोळाव्या शतकात इटलीच्या युस्ताकीने वर्णिली. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती तुंबते, पडद्यामागे द्रव साचतो, पडदा ताणला जातो आणि आडवं झोपलं की दाब वाढतो. म्हणून ठणका रात्रीचा. ऊब त्या द्रवाला हात लावत नाही, जंतूही मारत नाही. पण त्वचेवरच्या स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलं. लेकराला खांद्यावर उभं धरून फेऱ्या मारणाऱ्या बाईने तर दाबावरही उपाय केलेला असतो. एरवीही असं दुखणं सुमारे ६० टक्के मुलांत प्रतिजैविक दिलं, न दिलं तरी २४ तासांत उतरतं. तेवढी रात्र काढायची असते, आणि ती हाताने निघते.

तेलाची शाखाही जुनी आहे. कानात कोमट पिळायला सुश्रुताने लसूण, आलं, शेवगा यांचे रस सांगितले आहेत. तेलात भिजवलेली काष्ठं पेटवून त्यांतून ठिबकणारं तेल वापरायची रीतही त्याच्याकडे आहे. मात्र ही शाखा पुढे चालवू नये असं माझं ठाम मत आहे. पडदा फाटला असेल तर तेल थेट आत उतरतं, आणि पडदा शाबूत आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. ठणका एकाएकी थांबून उशी ओली झाली, तर ते बरं झाल्याचं लक्षण नव्हे, कान फुटलेला असू शकतो. माळावरच्या रुईच्या पानाचा रस पिळण्याची रीत तर पूर्ण सोडावी, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा धोक्यात येतो.

आता कर्जतच्या घरांत गॅस आहे. निखारे नाहीत, म्हणून तवा तापवून त्याच्यावर सुती फडकं दाबतात, फडक्यावर तळहात, आणि मग तो कानावर. कुणी पदराचा बोळा तोंडाच्या वाफेने ऊन करून लावतं. सोबत डॉक्टरांनी वजन पाहून सांगितलेलं पॅरासिटामॉल द्यावं. मात्र मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, ताप चढता असेल, कान वाहत असेल किंवा कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला असेल, तर शेकत बसू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा.