थेटफोर्ड : पेनचं गाव, ड्यूकची मतं

महात्मा फुल्यांवर बोलताना आपण दोन नावं हमखास घेतो. एक गफ्फार बेग मुन्शींचं. शाळा सुटलेल्या जोतीला पुन्हा शाळेत घाला, म्हणून गोविंदरावांची समजूत काढणारे हे उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरं टॉमस पेनचं, ज्याचं 'राइट्स ऑफ मॅन' तरुण जोतीरावांनी वाचलं. मुन्शींचं पुणे आपल्याला ठाऊक आहे. पेनचं गाव मात्र आपल्या भाषणांत कधी येत नाही. ते यायला हवं, असं मला वाटतं. त्या पुस्तकातला राग कुठून आला असेल, याचा अंदाज तिथं येतो.

हे गाव म्हणजे इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातलं थेटफोर्ड. थेट आणि लिटल ऊझ या नद्यांच्या संगमावरची जुनी बाजारपेठ. एके काळी तिचा दबदबा मोठा होता. ८६९ साली डेन लोकांच्या फौजेनं हिवाळ्यासाठी इथंच तळ ठोकला. नॉर्मन राजांच्या काळात काही वर्षं बिशपची गादीही इथं होती. ती पुढं नॉर्विचला गेली. पण उतार आधीच लागला होता. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत ७२० नागरिक मोजले आहेत आणि २२४ घरं ओस असल्याचं लिहिलं आहे. १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत इथला मोठा मठ बंद झाला. मठ गेला की यात्रेकरू गेले, आणि त्यांच्यावर जगणारा धंदाही.

गाव लहान झालं, पण पार्लमेंटमधल्या त्याच्या दोन जागा तशाच राहिल्या. मत कुणाला? मेयर, दहा आल्डरमन आणि वीस सदस्य, एवढ्यांनाच. एकूण ३१ माणसं! जवळच्या यूस्टन हॉलमध्ये राहणारे ग्राफ्टनचे ड्यूक या मंडळींना सांभाळून होते. त्यामुळे खासदार कोण, हे गावापेक्षा हवेलीत जास्त ठरे. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अशा गावात १७३७ साली पेन जन्मला. बाप क्वेकर, बायकांच्या काचोळ्या शिवणारा कारागीर. आई वकिलाची मुलगी आणि राजाच्या चर्चची. पेन गावच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकला आणि मग बापाच्याच धंद्याला बसला. मताचा अधिकार ना त्याला, ना त्याच्या बापाला. पुढं 'राइट्स ऑफ मॅन'मध्ये त्यानं जवळजवळ निर्मनुष्य ओल्ड सारमला दोन खासदार आणि साठ हजारांवर वस्तीच्या मँचेस्टरला एकही नाही, हा हिशेब मांडला. थेटफोर्डचं उदाहरण त्याला पाठच असणार. वंशपरंपरेनं राज्य करण्याच्या हक्कावरचा त्याचा हल्ला इतका झोंबला, की १७९२ मध्ये त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून त्याला दोषी ठरवण्यात आलं.

थेटफोर्डच्या त्या जागा १८३२ च्या सुधारणेतूनही वाचल्या. मतदारसंघ मोडला तो १८६८ साली. पेनला जाऊन तोवर ५९ वर्षं झाली होती, आणि जोतीराव पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढून चुकले होते.

पेनचा सोनेरी पुतळा गावात उभा राहिला १९६४ मध्ये, तोही अमेरिकेतल्या चाहत्यांच्या पैशांनी. त्याच्या हातात 'राइट्स ऑफ मॅन' आहे. उलटं धरलेलं.